मेनूत डोंगरगड नाही

समितीच्या वेबसाइटचं काम मी अंगावर घेतलं त्या दिवशी माह्या डोक्यात काय भरलं होतं, मले अजून समजलं नाही. रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. हप्त्याचे सहा दिवस तिथं लोकायचे विसरलेले पासवर्ड अन् अडकलेले प्रिंटर. एक रविवार हातात राहते, तोही गुढियारीच्या विहारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मेनूच्या पायी गेला. एक नाही, नऊ रविवार गेले. बायको शेवटी म्हणाली, "तिकडंच गादी टाका न आता."

गोष्ट अशी, की आमचे आजे-पणजे विदर्भातून रेल्वेत लागून इकडे आले अन् इथंच राह्यले. आता पोरायले जातीचा दाखला पाहिजे असन, तं दाखवा लागते की १९५० च्या आधीपासून आपलं घर इथंच होतं. बोलून चालत नाही, कागद पाहिजे. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, मंत्रालय शहराबाहेर नव्या बिल्डिंगीत जाऊन बसलं, तरी कागद तो जुनाच पाहिजे. अन् तो कुठं असते? कुठल्या तरी बंद शाळेच्या रजिस्टरात, नाहीतर रेल्वेच्या एखाद्या पिवळ्या पडलेल्या यादीत. घरात तं कोणाच्याच नसते. आमच्या आज्यानं आयुष्यभर रूळ ठोकले, कागद कशाले जपते तो!

म्हणून आमच्या समितीतल्या लोकायनं आपापल्या डोक्यानं चार सॉफ्टवेअर बनवले होते. धर्मपाल काका रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. त्यायनं जुन्या रेल्वे कामगारायची यादी टाईप करून ठेवली. सत्यभामाताई मास्तरीण आहे. तिनं तीन वर्षं गावोगाव फिरून शाळायच्या दाखल रजिस्टरांचे फोटो काढले, अन् एकेक नाव यादीत चढवलं. शंकर भैयानं वंशावळ काढायचं सॉफ्टवेअर केलं, नाव टाकत गेलं की झाड आपोआप बनते. अन् चौथं माह्या हातचं, अर्ज भरून देणारं. चारही एकाच कामाचे. पण चारायचे पत्ते वेगळे, रंग वेगळे. लोकायले व्हॉट्सॲपवर एक कोणतं तरी मिळे. कोणी वंशावळ काढून नाचे अन् कागद शोधाचा असते हेच त्याले माहीत नसे.

म्हणून ठरलं की एकच वेबसाइट करू, अन् तिच्या माथ्यावर एकच पट्टी ठेवू. तिले मेनू म्हणतात. तिथं बोट ठेवलं की पाहिजे तिथं जाता आलं पाहिजे.

मी एका रविवारात करून टाकलं. पट्टीवर चारच शब्द: 'जुना कागद शोधा', 'वंशावळ काढा', 'अर्ज भरा', 'मदत'. ज्या क्रमानं माणसाले काम करा लागते, त्याच क्रमानं. कागदाच्या पानावर गावायची नावं: डोंगरगड, राजनांदगाव, भाटापारा, बिलासपूर, जिथं जिथं रेल्वे होती तिथं. माणसानं आपला आजा कुठं होता तेवढं आठवावं अन् बोट ठेवावं. झालं. मी खूष. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर पडद्यावर दाखवलं, अन् तिथून माह्या डोक्याचं भरीत सुरू झालं.

"मेरा तीसरे नंबर पे काहे?" शंकर भैया म्हणाला.

"दुसऱ्या," म्या म्हटलं.

"दुसरा ही सही. पहला क्यों नहीं? वंशावळ के बिना कुछ होता है क्या?"

धर्मपाल काकानं चश्मा काढला. ते नाराज झाले की बोलत नाहीत, चश्मा पुसतात. दहा मिनिटं पुसला. मंग हळूच म्हणाले, "यशदीप, माह्या यादीचं नाव कुठं दिसून नाही राह्यलं."

"काका, ती 'जुना कागद' मध्ये आहे. ताईचे रजिस्टर अन् तुमची यादी, दोन्ही एकाच जागी. लोकायले कागदाशी मतलब, तो कोणी आणला याच्याशी नाही."

हे मी बोललो अन् सत्यभामाताईचं तोंड उतरलं. "म्हणजे तीन वर्षं मी उन्हातान्हात फिरली, ते कोणाले माहीतच नाही होणार?"

बाप्पा! मेनू होता की लग्नाची पत्रिका? तिथंही असंच होते. अमक्याचं नाव वर काहून, तमक्याचं बारीक अक्षरात काहून, मोठ्या मामाले विसरले, आता तो जेवाले येत नाही. मी सांगून राह्यलो की वेबसाइट लोकायसाठी आहे, आपल्यासाठी नाही. सगळे "हव, हव" करत. अन् पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

चौथ्या रविवारी आणखी भर पडली. पाऱ्यापाऱ्यातले लोक आले. आमची समिती म्हणजे पाच पाऱ्यांची, पाच वस्त्यायची. गुढियारी, डब्ल्यूआरएस कॉलनी अन् आणखी तीन. कागद जमवाचं काम पाऱ्यायनं वाटून घेतलं होतं. ज्या पाऱ्यानं जे रजिस्टर आणलं ते त्या पाऱ्याचं, असा हिशोब. आता त्यायचं म्हणणं, आमच्या पाऱ्याचं नाव मेनूत कुठं आहे? आमच्या पोरायनं काय झक मारली काय?

सहाव्या रविवारी शंकर भैया फुगून आलाच नाही. सातव्याले धर्मपाल काकानं चश्मा पुसत पुसत तोडगा काढला. वर पाच पारे ठेवा. प्रत्येक पाऱ्याच्या आत चारही सॉफ्टवेअर ठेवा. कोणी वर नाही, कोणी खाली नाही. कोणाले राग नाही.

"काका, हे चुकीचं आहे," मी म्हणालो. एकदाच म्हणालो. त्याहून जास्त म्हणाचा दम माह्यात उरला नव्हता.

"सगळ्यायचं मन राहते न, बापू."

"करतो," मी म्हटलं. "घ्या. तुम्हाले जे पाहिजे ते घ्या."

अन् केलं. रागाच्या भरात केलं, अन् राग असला की माणूस हात आखडूनच काम करते. डोंगरगडचं रजिस्टर डब्ल्यूआरएस कॉलनीच्या पोट्ट्यायनं ताईसंग जाऊन आणलं होतं, तं मी ते डब्ल्यूआरएसच्या पानात टाकलं. गावायची नावं पानावरून गेली. नाव शोधाचा जो खोका होता, तो प्रत्येक पाऱ्याच्या पानात वेगळा बसवला. तो खोका त्या पाऱ्यापुरताच शोधे, पण हे मी कुठं लिहिलं नाही. लिहाले एक ओळ लागली असती. मनात म्हटलं, मरू द्या.

तेरा मार्चले वेबसाइट चालू झाली. विहारात पेढे वाटले. जो तो मोबाईलवर आपल्या पाऱ्यावर बोट ठेवून पाहे, अन् खूष होये. शंकर भैया माह्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "अब बना है मस्त." मी पेढा खाल्ला अन् घरी येऊन झोपलो.

जून महिन्यात एक दिवस कारखान्याच्या कॅन्टीनात गंगाधर बागडे माह्या टेबलाजवळ येऊन उभे राह्यले. ते आमच्याच प्लांटात लोडिंगवर आहेत. राहतात गुढियारीत. साधा माणूस, माह्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा असून मले साहेब म्हणते. त्यायची मोठी पोट्टी मोनाली बारावी चांगली पास झाली होती अन् तिले सरकारी कॉलेजात नर्सिंगले जायचं होतं. नंबर आरक्षित यादीत लागत होता, फक्त दाखला पाहिजे होता. हे सगळं मले ठाऊक होतं. पाऱ्यात सगळ्यायलेच ठाऊक होतं.

"साहेब, तुमच्या वेबसाइटवर आमचं काहीच दिसत नाही."

त्याच सकाळी शंकर भैयाचा फोन आला होता. गुढियारीच्या पानाचा निळा रंग दुसऱ्या पाऱ्यापेक्षा फिका काहून आहे म्हणून. वीस मिनिटं. माह्या कानशिलात अजून तोच निळा रंग वाजत होता.

"कुठं पाह्यलं?"

"गुढियारीत. पोट्टीनं पाह्यलं. आमचा बाप, साहेब, तो..."

"काका, जे आहे ते सगळं टाकलं आहे," मी त्यायले मधातच तोडलं. "नसन तं नसन. मी काय घरून कागद पैदा करू?"

"नाही नाही, तसं नाही," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता तं नसनच." अन् आपला डबा घेऊन गेले. दुसऱ्यांदा विचारणाऱ्यातला तो माणूस नाही. मी भाजी चिवडत बसलो, अन् दहा मिनिटात विसरलो.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा तक्रार आली. डब्ल्यूआरएसचे लोक म्हणे, आमचं पान कोणी उघडतच नाही, गुढियारीचंच सगळे उघडतात, तुम्ही काही तरी गडबड केली. मी चिडलो. म्हटलं, थांबा, तुम्हाले हिशोबच दाखवतो. कोणत्या पानावर किती लोक आले अन् कोणी काय शोधलं, याची यादी वेबसाइट आपोआप ठेवते. आजवर मी ती कधी उघडली नव्हती. यायच्या तोंडावर मारासाठीच उघडली.

गुढियारीच्या पानावर नजर गेली अन् मी खुर्चीतच बसून राह्यलो.

डोमा. मिळाले, शून्य. डोमाजी. शून्य. दोमा. शून्य. डोमा बागडे. डोमा सुकरू. डोमा वल्द सुकरू. डोमा वल्द सुखरू. शून्य, शून्य, शून्य. एकाच मोबाईलवरून, अकरा दिवसांत एक्केचाळीस वेळा. कधी दुपारी, पण जास्त करून पहाटे पाचच्या सुमाराले, सहाच्या शिफ्टच्या आधी. दर खेपेले नाव थोडं बदललेलं. आपण लिहितो तेच चुकत असन, असं समजून कोणी तरी एकेक अक्षर बदलून पाहत होतं. शेवटची नोंद एका मंगळवारची होती. त्याच्यानंतर काही नाही.

मी पाचही पाऱ्यायची यादी एका जागी करून नाव टाकलं. एका सेकंदात आलं. डोमा वल्द सुकरू, म्हणजे सुकरूचा पोरगा, राहणार डोंगरगड रेल्वे लाइन, शाळेत दाखल ४ जुलै १९४७. जातीचा रकाना भरलेला. बापाचा धंदा, रेल्वे गँगमन. इतकं साफ अक्षर, की कोणत्याही साहेबानं मान हलवली असती. डब्ल्यूआरएस कॉलनीच्या पानात पडून होतं. तिकडे गुढियारीतले गंगाधर काका काहून जातीन? दुसऱ्याच्या पाऱ्यात आपला बाप कोण शोधते? गाव वर लिहिलं असतं तं डोंगरगड पाहून ते अंधारातही पोचले असते.

"काय झालं बे?" कोणी तरी विचारलं. मी लॅपटॉप बगलेत मारला अन् निघालो. विहारापासून गंगाधर काकाचं घर चालत पाच मिनिटं, मालगाड्यायच्या लाइनीच्या अलीकडे. ती पाच मिनिटं मी स्वतःले इतक्या शिव्या घातल्या, जितक्या नऊ रविवारात समितीले नसतीन घातल्या. नर्सिंगच्या ॲडमिशनची कागद तपासणी बुधवारी होती. यादीतला तो मंगळवार म्हणजे त्याच्या आधीचा शेवटचा दिवस, हे मले चालता चालता उमगलं. तरी एक आशा होती, कुठून तरी काही जमलं असन.

काका दारातच बसून सायकलची चेन साफ करत होते. मले पाहून घाईनं उठले, हात फडक्याले पुसले. "साहेब, तुम्ही? या न, या."

"काका, मोनालीचं काय झालं?"

"काय होणार," ते म्हणाले. "दाखला नव्हता, तं आरक्षित यादीतून नाव काढलं अन् सर्वसाधारण यादीत टाकलं. तिथं दोनशे नावं पुढं आहेत. आता पंडरीच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात बिलिंगले जाऊन राह्यली. पुढच्या साली पाहू." मंग आवाज खाली करून म्हणाले, "डोंगरगडले मी सुट्टी काढून दोनदा जाऊन आलो, साहेब. शाळा कधीचीच बंद. तिथं आता गोदाम आहे. रजिस्टर कोणी नेलं, कोणालेच माहीत नाही."

सत्यभामाताईनं ते रजिस्टर शाळेच्या म्हाताऱ्या हेडमास्तरच्या घरून, लाकडी पेटीतून काढलं होतं. हे आमच्या विहारात शंभर वेळा सांगून झालं होतं. वेबसाइटवर एकदाही नाही.

मोनाली आतून पाणी घेऊन आली. सुट्टीचा दिवस होता, तरी केस बांधून नीट तयार होती. मी लॅपटॉप उघडून खाटेवर ठेवला. ती ओळ मोठी करून दाखवली.

काकाले वाचाले वेळ लागला. ते बोट ठेवून वाचत गेले. डो-मा. वल्द. सु-करू. मंग त्यायचं बोट त्याच जागी राह्यलं. "माह्या बापाचं नाव," ते म्हणाले. "अरे माय. माह्या बापाचं नाव आहे, पाह्य मोना, शाळेत टाकलं होतं त्याले, आज्यानं टाकलं होतं. तो सांगे तं आम्हाले खोटं वाटे." अन् त्यायच्या डोळ्यातून पाणी आलं, अन् ते माह्याकडे पाहून हात जोडाले लागले. "साहेब, रविवार असून तुम्ही धावत आले. खूप उपकार झाले."

मले वाटलं जमीन फाटून मी आत जावं. माणूस हात जोडते अन् आपण त्याचं घर बुडवलेलं असते, याच्यापेक्षा घाण काही नाही.

मोनाली वाकून पाहत होती. त्या पानावर सगळ्यात खाली एक बारीक ओळ असते, हे पान वेबसाइटवर केव्हा टाकलं त्याची. तेरा मार्च. तिची नजर तिथं थांबली. दोनदा वाचली तिनं. मंग माह्याकडे पाह्यलं. मी खाली मान घातली.

"आज ही चढ़ाया है भैया ने, बाबा," ती म्हणाली. "इसीलिए नहीं दिखा हमको."

एवढी पोट्टी. तिनं बापाले वाचवलं, अन् वर मलेही जागा करून दिली. मी नुसता "हव" म्हणालो असतो तं चहा पिऊन घरी गेलो असतो. आमच्या समितीत तेच चालते, सगळ्यायचं मन राहते. चार महिने मी तेच केलं होतं.

"नाही काका," मी म्हणालो. "आज नाही. मार्चपासून होतं. डब्ल्यूआरएसच्या पानात होतं. मी असं बनवलं होतं, की तुम्हाले दिसणारच नाही."

काकाले समजून नाही राह्यलं असं वाटलं, म्हणून मी पुन्हा सांगतलं, पारे कसे वर आले, डोंगरगड कसं आत गेलं, खोका कसा अर्धाच शोधे. सांगता सांगता माह्याच कानाले ते पोरखेळ वाटलं.

"म्हणजे आम्ही दुसऱ्या पाऱ्यात पाह्यलं असतं, तं सापडलं असतं?"

"हो काका."

ते बराच वेळ फडक्याले हात पुसत राह्यले. हात कधीचेच साफ झाले होते. "मंग चूक माहीच आहे," ते म्हणाले. "पाच नावं तं होती तिथं. सगळे दाबून पाहाले पाहिजे होते मी. तुम्ही एवढं केलं लोकायसाठी, अन् आम्हाले साधं पाहता नाही आलं."

मी काही तरी बोलाले तोंड उघडलं. त्याच्या आधीच मोनालीनं माह्या पुढ्यातला पाण्याचा गिलास उचलून घेतला. जन्मापासून ही पोट्टी घरात हिंदीतच उत्तर देते, म्हणून तिच्या मायची कायमची कटकट असते. पण आता ती मराठीत बोलली, मले एकेक शब्द ऐकू यावा म्हणून हळूहळू बोलली.

"तुम्ही नाही चुकले, बाबा," ती म्हणाली, अन् बोलताना बापाकडे नाही, माह्याकडे पाहत होती.